कुंदा : शेत गिळणारे गवत

वर्धा, आर्वी, हिंगणघाट या गावांतील पुष्कळ कुटुंबांची शेती खेड्यात मक्त्याने दिलेली असते. मालक पावसाळ्यात एखादे दिवशी शेत पाहावयास जातो आणि कपाशीच्या तासांत गवत दिसले की "निंदण राहिले" एवढेच म्हणून परततो. परंतु ते गवत जर कुंदा असेल, तर एका निंदणाने भागावयाचे नाही.

कुंदा हे काळ्या, भारी जमिनीत वर्षानुवर्षे टिकणारे गवत होय. शास्त्रात त्यास 'इस्केमम पायलोसम' म्हणतात. ते परदेशचे नव्हे, येथलेच आहे. त्याची गल्लत इतरांशी करू नये. हरळी जमिनीवर सरपटते व पेरापेरांतून मुळे सोडते. लव्हाळ्याचा दांडा तिधारी असून खाली सुवासिक गाठी असतात. कुंदा मात्र उभा वाढतो व शेतात चट्ट्याचट्ट्यांनी पसरतो. खरी ओळख कुदळीनेच पटते. खोल खणले म्हणजे जाड, पेरेदार, खवल्यांनी झाकलेल्या काशा हाती लागतात. ही मुळे नव्हेत, भूमिगत खोडे होत.

या काशांत अन्नाचा साठा असतो. म्हणून पहिल्या पावसाबरोबर कुंदा उसळून येतो. कपाशी पहिले दोन महिने सावकाश वाढते आणि मागे पडते. सोयाबीनचीही तीच गत. जमिनीतील ओल व नत्र गवत खाते. पाऊस सरल्यावर ज्या ओलीवर कपाशीची बोंडे भरावयाची, तूर पोसावयाची, तीतही तो वाटेकरी होतो.

वखराची पास चार बोटे खाली जाते. काशा त्याहून खोल असतात. वरून कापले तर कुंदा पुन्हा फुटतो, आणि काशेचे तुकडे ओल्या मातीत विखुरले तर प्रत्येक पेर नवे रोप होते. उपाय असा : उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, ढेकळे चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यावी, काशा वेचून जाळाव्या. धुऱ्यावरचा कुंदाही सोडू नये. हे काम एका वर्षात संपत नाही.

एका सालाचा मक्तेदार पुढील वर्षांसाठी हा खर्च का करील? त्यास दोष देण्यापूर्वी मालकाने नांगरटीचा भार उचलावा, अथवा मक्ता अधिक वर्षांचा करून द्यावा. कुंदा जमिनीत राहिला, तर पुढील पिढीच्या हाती सातबारा येईल, पीक येणार नाही.