वल्ह्याची दोरी आणि जादाचे वल्हे

गिरगाव चौपाटीवर किंवा दादरला शिवाजी पार्काच्या बाजूच्या समुद्रात कयाक घेऊन उतरणाऱ्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारत असतो. हातातले वल्हे गेले तर काय कराल? उत्तर बहुधा ठरलेले: ‘लाइफ जॅकेट आहे की!’ आता बघा, जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवते, परत आणत नाही. परत आणते ते वल्हे. कयाकला इंजिन नाही, शीड नाही. सगळी गती त्या एका दांड्यातून येते.

मुंबईत हे मनावर घ्यावे लागते ते वाऱ्यामुळे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, परीक्षेनंतर विसरलो. हिवाळ्यातल्या पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड असते, म्हणून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नेमकी हीच वेळ कयाकवाल्यांच्या आवडीची. काठाशी पाणी गुळगुळीत दिसते, कारण इमारतींनी वारा अडवलेला असतो. जरा पुढे गेलात की तो पाठीवर येतो. अशा वेळी वल्हे गेले, तर गिरगावची होडी बॅक बेच्या तोंडाकडे आणि दादरची सी लिंकच्या दिशेने सरकू लागते. दुपारी खारे वारे सुटले की उलटे. काठाकडे ढकलले जाल खरे, पण तो काठ मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडचाही असू शकतो!

आता, वल्हे ‘जाणे’ म्हणजे नक्की काय? न्यायदर्शनाने अभावाचे प्रकार फार काटेकोरपणे वेगळे केले आहेत, ते इथे कामी येतात. वल्हे मोडले, मधला सांधा निखळला, पाते तडकले: हा प्रध्वंसाभाव, वस्तूच संपली. वल्हे निसटून वाहून गेले, तेव्हा मात्र वस्तू जगात शाबूत आहे. तिचा आपल्या हाताशी असलेला संयोग तेवढा तुटला. दोरी उपयोगी पडते ती या दुसऱ्या ठिकाणी. मोडका दांडा बांधून ठेवला म्हणून त्याने वल्हवता येत नाही. तेव्हा ‘दोरी आहे, मग जादाचे वल्हे कशाला?’ असे म्हणणारा दोन अभावांची गल्लत करतो आहे.

दोरीचे आणखी एक काम आहे, आणि आमच्या मते तेच मोठे. होडी पलटी झाली की माणूस पाण्यात, आणि रिकामी हलकी होडी वाऱ्याबरोबर निघते; माणसाला पोहून ती गाठणे जड जाते. वल्हे होडीला बांधलेले असेल आणि तुम्ही वल्हे सोडले नसेल, तर होडीही हाताशीच राहते. म्हणून दोरी होडीला बांधावी. नुसती मनगटाला बांधलीत तर वल्हे तुमच्याजवळ, होडी भलतीकडे.

पण दोरी म्हटली की गुंता आला. काठाशी लाटा फुटत असतील तिथे पलटी खाल्ल्यावर ती हातापायात, गळ्यात अडकू शकते. तेवढ्या पट्ट्यात ती काढून ठेवणेच बरे. एका हाताने झटकन सुटणार नाही अशी दोरी मुळात वापरूच नये. (सुतळीची गाठ मारणारे आम्ही पाहिले आहेत. ओली झाली की ती गाठ दातांनीही सुटत नाही.)

आणि फुटत्या लाटांत दोरी काढली, म्हणजे तेवढा वेळ भिस्त जादाच्या वल्ह्यावर. दोन तुकड्यांत सुटणारे वल्हे यासाठी सोयीचे. ते होडीच्या पाठीवर इलॅस्टिकखाली घट्ट अडकवावे, पण बसल्या जागेवरून हात पोहोचला पाहिजे. आतल्या कप्प्यात कुलूपबंद ठेवलेले वल्हे भर पाण्यात काढणार कसे? आणि काठावर असताना एकदा ते जोडून पाहावे. वाळू आणि मीठ बसून सांधा धरतो.

दोघांच्या कयाकमध्ये वल्ही दोन असतात, एक गेले तरी दुसरे उरते. एकट्याच्या होडीत ती सोय नाही. चार-पाच एकट्या होड्या निघणार असतील, तर निदान एक जादाचे वल्हे बरोबर हवे, आणि ते सगळ्यात मागून येणाऱ्या जाणत्याकडे द्यावे. पुढे पळणाऱ्याकडे दिले, तर मागच्याला त्याचा काय उपयोग?