साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात क्षयाने किती जीव घेतले, याचा भरवशाचा आकडा नाही. खोकून मेलेला माणूस नोंदवहीत ‘श्वसनाचे विकार’ या ऐसपैस रकान्यात जाई. शिवाय रक्त पडू लागले की गिरणीकामगार बोटीने कोकण गाठी आणि गावीच मरे. मुंबईचा आकडा घटे, रोग मात्र रत्नागिरीच्या घरात शिरे.

1882 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, पण औषध नव्हते. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याची पहिली वर्षे दाट वस्त्यांच्या पाडापाडीत गेली. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटली.

खरा विचार झाला तो 1910 नंतरच्या दशकात. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये उजेड आणि हवा कोनात मोजून मांडली. खोलीच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांनी वर काढलेल्या रेषेआड समोरची इमारत येता कामा नये. म्हणजेच जेवढी उंची, तिच्या निम्मे अंतर मोकळे हवे. औषधाविना झुंजणाऱ्या शहराला याहून नेमका उपाय कोणी दिला नाही. घरमालकांना तो महाग वाटला, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी पाचगणीत क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू झाले. पण डोंगरावरची हवा खायला गिरणीतून रजा कोण देणार?

गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत. विणकर धोट्याच्या भोकातून सूत ओठांनी ओढून घेई आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडी जाई. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोप. बायका तर दिवसभर चुलीच्या धुरात कोंडलेल्या. लँकेस्टर यांच्या भारतातील क्षयावरच्या 1920 च्या ग्रंथात रोगाचे मूळ असल्याच कोंदट घरांत आणि बायकांच्या पडदा पद्धतीत दाखवले आहे. तरी कामगाराला थुंकीवर उपदेश करणे सोपे होते. तो फुकटात होई.

पुढे मुंबई विकास विभागाच्या (बीडीडी) चाळी आल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर औषधे मिळाली आणि ऑरचा कोन विस्मरणात गेला. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी इमारतींमधल्या अंतराचे नियम सैल झाले. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडमधल्या पुनर्वसन वसाहतींची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नव्हते, इमारती एकमेकींच्या अगदी जवळ उभ्या होत्या आणि अनेक घरांत क्षयाचे रुग्ण होते.