खोडदची दुर्बीण आणि दवाखान्यातला स्कॅन

“या दुर्बिणीने आम्हाला काय दिले?” नारायणगाव, मंचर, आळेफाटा या पट्ट्यात हा प्रश्न आता चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही ऐकायला मिळतो. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे आपल्या भागातून जाईल, ही आशा लोकांनी अनेक वर्षे धरली होती. मग या मार्गामुळे खोडदच्या दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल असा आक्षेप आला आणि गाडी दुसरीकडून नेण्याची भाषा सुरू झाली. मोठ्या कारखान्यांवर या परिसरात आधीपासून बंधने आहेतच. टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याने किंवा नोकरीसाठी पुण्याची एसटी पकडणाऱ्या तरुणाने हा प्रश्न विचारला तर त्यात गैर काही नाही. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

उत्तराचा एक भाग आकाशात आहे, तो शास्त्रज्ञ सांगतात. दुसरा भाग दवाखान्यातल्या सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या खोलीत आहे. तो सहसा कुणी सांगत नाही. आम्ही इथे तोच मांडणार आहोत.

तीस थाळ्या, एक नजर

या दुर्बिणीचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातले रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना शेताशिवारांतून पसरल्या आहेत. सर्वात दूरच्या दोन थाळ्यांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे.

या दुर्बिणीला डोळा लावून काही दिसत नाही. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते आणि संगणक त्या नोंदींतून गणिताने चित्र तयार करतो. एकट्या थाळीला सगळे धूसरच दिसते. तीसही थाळ्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, की २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच थाळीला दिसावेत इतके बारीक तपशील हाती येतात. थोडक्यात, अपुऱ्या नोंदी पुष्कळ घ्यायच्या आणि त्यांतून पूर्ण चित्र बांधायचे.

फळ्यावरचे कोडे

आता दवाखान्यात येऊ. जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि शरीर न कापता हाडे दिसू लागली. पण साधा एक्स-रे म्हणजे सावली. बरगड्या, हृदय, फुप्फुस यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. कवटीच्या आतला मऊ मेंदू तर त्यात दिसतच नाही. आतले सगळे वेगवेगळे पाहायचे कसे?

आम्ही वर्गात मुलांना एक कोडे घालतो. चार चौकोन काढा, दोन वर, दोन खाली. आतले आकडे झाकलेले आहेत. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९. डाव्या उभ्या रांगेची ६, उजव्या रांगेची ८. आकडे ओळखा! कुणी मूल वर ३ आणि २, खाली ३ आणि ६ लिहिते. बेरजा जुळतात. दुसरे मूल वर १ आणि ४, खाली ५ आणि ४ लिहिते. त्याही जुळतात! मग आम्ही एक तिरकी बेरीज सांगतो : डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा मिळून ७. आता उत्तर एकच उरते : वर २ आणि ३, खाली ४ आणि ५.

सीटी स्कॅन हेच करतो. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात तेव्हा वाटेत ते किती शोषले गेले, याची फक्त बेरीज यंत्राला कळते. एका बाजूने घेतलेली बेरीज पुरत नाही, म्हणून यंत्र रुग्णाभोवती फिरते आणि असंख्य कोनांतून बेरजा घेते. चार चौकोनांऐवजी लाखो चौकोन असतात, एवढाच फरक. संगणक हे कोडे सोडवतो आणि शरीराचा काप पडद्यावर दिसतो.

सूर्यापासून मेंदूपर्यंत

हे कोडे सोडवण्याची एक वाट आकाशाच्या अभ्यासातून आली. रोनाल्ड ब्रेसवेल हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्या काळातल्या दुर्बिणीला सूर्याचा एकेक ठिपका वेगळा दिसत नसे, सूर्यावरच्या एका लांब पट्टीची एकत्रित बेरीज तेवढी मिळे. वेगवेगळ्या दिशांच्या अशा पट्ट्यांवरून सूर्याचा नकाशा कसा काढायचा, हे ब्रेसवेल यांनी १९५६ साली गणिताने दाखवले. पुढे १९६७ मध्ये सहकारी रिडल यांच्यासह त्यांनी हा हिशेब करण्याची सोपी रीत दिली.

१९७१ साली आपल्या देशातले जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी तशीच रीत रेणूंच्या आणि एक्स-रेच्या चित्रांसाठी मांडली. सीटीच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही या दोघांच्या नावाने, ‘राम-लक’ म्हणून शिकवली जाते.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जगातल्या पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक महिला होती. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड स्वतःच्या वाटेने तिथवर पोहोचले होते. ॲलन कॉरमॅक यांनी त्याचे गणित स्वतंत्रपणे आधीच मांडले होते. दोघांना १९७९ चे नोबेल मिळाले. पण नंतरच्या सीटी यंत्रांत हिशेबाची जी रीत रुळली, ती ब्रेसवेल आणि रामचंद्रन यांच्या वाटेवरची होती.

याच ब्रेसवेल यांच्या हाताखाली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक भारतीय तरुण शिकला. १९६१ साली पीएच.डी. झाल्यावर तो होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये मायदेशी परतला. त्याने आधी कल्याणजवळ छोट्या थाळ्यांची दुर्बीण उभारली, मग उटीला मोठी आणि शेवटी खोडदची. ते गोविंद स्वरूप. २०२० साली त्यांचे निधन झाले. सीटी स्कॅन खोडदहून आला असे म्हणणे खोटे ठरेल, कारण तो खोडदच्या दुर्बिणीपेक्षा जुना आहे. पण दोन्हींचे घराणे एक आहे, हे खरे. सूर्याचा नकाशा काढणाऱ्यालाही त्या वेळी कुणी तरी विचारलेच असेल, की याचा माणसाला काय उपयोग?

एकच अणू, दोन श्रोते

एमआरआयची गोष्ट याहून जवळची आहे. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, आणि दोन्हींत हायड्रोजन. एमआरआयचा मोठा चुंबक या हायड्रोजनच्या अणूंना शिस्तीत उभे करतो, यंत्र त्यांना रेडिओ लहरीचा धक्का देते आणि परत येणारी क्षीण लहर ऐकते. खोडदच्या थाळ्याही दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचीच लहर ऐकतात. अणू तोच, एक शरीरातला, दुसरा अवकाशातला.

लहर इतकी क्षीण असते की बाहेरचा जरासा रेडिओ गोंगाटही चित्र बिघडवतो. म्हणून एमआरआयच्या खोलीच्या भिंतींत, छतात, अगदी दारातही तांब्यासारख्या धातूचे आवरण असते. विजेवर धावणाऱ्या गाडीची वरच्या तारेशी ठिणगी उडते, तेव्हा तिच्यातूनही असा गोंगाट निघतो. दवाखान्याच्या खोलीला तांब्याने मढवता येते. २५ किलोमीटरच्या शिवाराला आणि वरच्या आकाशाला कसे मढवणार? रेल्वेच्या वादातली अडचण ही आहे.

याचा अर्थ लोकांनी रेल्वे मागू नये असा नाही. देशाच्या कामासाठी एखादा भाग शांत ठेवायचा असेल, तर त्या भागाला चांगले रस्ते, शिक्षण आणि रुग्णालये देणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती मागणी ठणकावून करावी. ‘दुर्बीण निरुपयोगी आहे’ असे म्हणून मात्र ती करू नये.

आपल्या घरासाठी

चांगल्या रुग्णालयांची मागणी करताना, जे यंत्र आज हाताशी आहे त्याचा लाभ आपण वेळेवर घेतो का, हेही पाहायला हवे. लकव्याचेच घ्या. अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले, की समजावे मेंदूवर घाला आहे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की रक्तस्राव झाला, हे बाहेरून कळत नाही आणि दोन्हींचे उपचार उलट आहेत. सीटी स्कॅन ते काही मिनिटांत सांगतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मालिश, पाजण्याची औषधे, कुणाला दाखवून आणणे यांत ती वेळ निघून जाते. दुआ जरूर करावी, पण गाडीत बसून, सीटी असलेल्या रुग्णालयाच्या वाटेवर.

आपल्या माता-भगिनींचा संकोच हाही मोठा अडथळा आहे. छातीतली गाठ, पोटातले दुखणे महिनोन्महिने अंगावर काढले जाते. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीसाठी महिला डॉक्टर वा महिला तंत्रज्ञ मागता येते, आणि घरच्या पुरुषांनी ती स्वतःहून मागावी. मात्र तशी सोय लगेच नसेल तर तपासणी टाळू नये. पडदा जपता येतो, पण वाढलेला आजार मागे फिरवणे कठीण असते.

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. एक्स-रे आणि सीटीमध्ये असतात, आणि सीटीत साध्या एक्स-रेच्या कित्येक पट. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर घाबरू नये, आणि ‘एकदा सगळ्या अंगाचा स्कॅन करून टाका’ असा हट्टही धरू नये. गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर आधी सांगावे.

एमआरआयला जाताना धातूचा तावीज, दागिने आणि ओढणी-नकाबच्या टाचण्या काढून ठेवाव्यात, डोळ्यांतला सुरमा पुसावा. शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा सळई असेल तर आत जाण्यापूर्वी सांगावे. सीटी किंवा एमआरआयसाठी शिरेतून औषध देणार असतील तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा पूर्वी झालेली ॲलर्जी लपवू नये.

जुन्या फिल्म आणि रिपोर्ट फेकू नयेत. गाठ वाढली की आटली, हे जुने चित्र शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांना नक्की सांगता येत नाही. आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नये, सांगूही नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मुलगी ही अल्लाहची रहमत आहे हे आपण मानतो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि शाळकरी मुले तिथे आपले प्रयोग मांडतात. नारायणगावहून वाट फार लांबची नाही. मुलांना, विशेषतः मुलींना, घेऊन जावे. तिथल्या शास्त्रज्ञांना मोकळेपणाने विचारावे : या दुर्बिणीने आम्हाला काय दिले? आणि परतताना मुलांना सांगावे, की उद्याचे स्कॅन बनवणारे आणि वाचणारे हात तुमचेही असू शकतात.