कापडी खुर्च्यांची निगा

पाटावर बसून जेवण्याची पद्धत होती तेव्हां बैठकीची स्वच्छता हा प्रश्न सोपा होता. पाट धुतला, भिंतीशीं उभा करून ठेवला कीं काम संपलें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यानंतर खाडीपलीकडे जी नवी मुंबई वसली, तेथील पुष्कळ घरांत आज जेवणाच्या टेबलाभोंवतीं कापडी गादीच्या खुर्च्या असतात. बसावयास त्या सुखाच्या खऱ्या. परंतु पाटासारखी ही खुर्ची पाण्याखालीं धरतां येत नाहीं.

याचें कारण तिच्या रचनेंत आहे. वर पातळ कापड, त्याखालीं बारीक छिद्रांचा फोम आणि तळाशीं फळी. वर ओतलेलें पाणी फोममध्यें उतरतें. कापड कांहीं तासांत वाळल्यासारखें दिसतें, फोम मात्र आंतून ओलाच राहतो. नवी मुंबईच्या एका बाजूस ठाण्याची खाडी आहे, आणि जून ते सप्टेंबर येथील हवाच इतकी दमट असते कीं ओलावा उडून जाण्यास वाव मिळत नाहीं. भिजलेली गादी २४ ते ४८ तासांत वाळली नाहीं, तर तींत बुरशी धरूं लागते. दमटपणांत धुळींतील सूक्ष्म किडेहि पोसतात. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात आणि त्यांच्या विष्ठेमुळें कित्येकांस शिंका व दमा यांचा त्रास होतो. मळ काढावयास जाऊन खुर्ची भिजविणें म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत पडणें होय. म्हणून पाणी सर्वांत शेवटीं आणि शक्य तितकें कमी, हें या कामाचें सूत्र आहे.

प्रथम खुर्ची उलटी करून पाहावी. कांहीं खुर्च्यांच्या तळाशीं चिठ्ठी असते. तिच्यावर डब्ल्यू हें अक्षर असल्यास पाणी चालतें. एस असल्यास पाण्याऐवजीं ड्रायक्लीनिंगचें द्रावक लागतें. एक्स असल्यास केवळ ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनर. चिठ्ठी नसल्यास न दिसणाऱ्या जागीं साबणाच्या पाण्याचा थेंब लावून पांढऱ्या फडक्यानें टिपावा. फडक्यास रंग लागला, तर काम जाणत्या माणसाकडे सोंपवावें.

नंतर कोरडी धूळ काढावी. शिवणींच्या खांचा विसरूं नयेत. धुळीवर पाणी पडलें कीं तिचा चिखल होऊन तो धाग्यांत रुततो. धूळ निघाल्यावर अर्धा लिटर कोमट पाण्यांत भांडीं घासण्याच्या पातळ साबणाचा एक लहान चमचा टाकून फेस काढावा आणि स्पंजानें केवळ फेसच कापडावर फिरवावा. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानें तो टिपून घ्यावा. मागें राहिलेला साबण नवी धूळ धरून ठेवतो. डागापुरतेंच न पुसतां एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सर्व भाग सारखा पुसावा. नाहीं तर वाळतांना पाणी मळ कडेला नेतें आणि डाग जाऊन वर्तुळ उरतें.

खरी परीक्षा हळदीची. आमटीचा थेंब सांडला कीं हात कपड्यांच्या साबणाकडे जातो, आणि पिवळा डाग पाहतां पाहतां लाल होतो. हळदींतील कर्क्युमिन हें रंगद्रव्य साबण-सोड्यासारख्या क्षारयुक्त पदार्थांत लाल होतें, एवढाच त्याचा अर्थ. लिंबाच्या रसाचें पाणी लावल्यास तें पुन्हां पिवळें होतें. कर्क्युमिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, परंतु उन्हांत टिकतहि नाहीं. म्हणून सांडलेलें चमच्यानें उचलावें, तेल कागदानें टिपावें, फेसानें पुसावें आणि डाग उन्हाकडे करून खुर्ची ठेवावी. गडद कापडाचा स्वतःचा रंगहि उन्हानें उडतो, हें मात्र ध्यानांत असावें. ब्लीच वापरूं नये. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

वास घालविण्यासाठीं कोरड्या कापडावर खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभरानें ब्रशानें काढावा. हळदीचा ओला डाग असतां तो लावूं नये. कारण वर आलेंच आहे.

शेवटचें आणि सर्वांत महत्त्वाचें काम वाळविण्याचें. पुष्कळ खुर्च्यांची बैठक तळच्या स्क्रूंनीं बसविलेली असते. ती सोडवून उभी ठेवावी व पंखा लावावा, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हवा लागते. कोरडा कागद ठेवून जोरानें दाबल्यावरहि तो ओला झाला नाहीं, तरच गादी वाळली असें समजावें. पावसाळ्यांत डाग तेवढा टिपावा. सर्व खुर्च्या पुसण्याचें काम ऑक्टोबरच्या उन्हासाठीं राखावें आणि तें सकाळींच सुरू करावें.

बुरशी फोमपर्यंत पोंचली असेल, तर पुसण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. अशा वेळीं कारागिराकडून नवा फोम आणि नवें कापड घालून घ्यावें. लांकूड शाबूत असतां खुर्ची टाकून देण्याचें कारण नाहीं.