पॅनकेक खाणारा डिटेक्टिव्ह आणि तुमचा हायपोथिसिस

चॅप्टर बुक म्हणजे चित्रांच्या पुस्तकातून बाहेर पडलेल्या, पण जाडजूड कादंबरीला अजून न धजावणाऱ्या मुलांचं पुस्तक. छोटी प्रकरणं, मध्ये मध्ये चित्रं, वाचक साधारण सात ते दहा वर्षांचा. अमेरिकेत यातला एक लाडका प्रकार म्हणजे विनोदी रहस्यकथा. त्यात खून वगैरे शक्यतो नसतो. हरवतात ते स्केट्स, मांजर, फार तर आईची गाडी.

पीएचडीच्या तयारीत असलेल्यांनी ही पुस्तकं का वाचायची? कारण पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधलं अंतर इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात तेच असतं म्हणा, पण तिथे तिसऱ्या पानावर डोळे मिटायला लागतात.

सुरुवात डोनाल्ड सोबोलच्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्राउन’पासून करू. पहिलं पुस्तक १९६३ चं. आयडाविल नावाच्या काल्पनिक गावातला दहा वर्षांचा लीरॉय ब्राउन. वडील पोलीसप्रमुख, आणि हा घराच्या गॅरेजमध्ये दिवसाला २५ सेंट फी घेऊन डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतो. एका पुस्तकात दहा केसेस, आणि उत्तरं पुस्तकाच्या शेवटी. म्हणजे नायकाला जे दिसलं ते सगळं तुम्हालाही दिसलेलं असतं. पान उलटण्याआधी उत्तर काढायचं.

पहिल्याच पुस्तकात अंडी भिंगरीसारखी फिरवायच्या पैजेची गोष्ट आहे. एक मुलगा सारखा जिंकतो, कारण त्याचं अंडं उकडलेलं असतं. फिजिक्स चोख आहे: उकडलेलं अंडं आतून घट्ट, ते सगळंच्या सगळं एकदम फिरतं. कच्च्या अंड्यात आतला द्रव मागे रेंगाळतो आणि घर्षणात ऊर्जा घालवतो. घरी करून बघा. फिरतं कच्चं अंडं बोटाने क्षणभर थांबवून सोडलं, तर ते पुन्हा हळूच फिरायला लागतं. आतला द्रव थांबलेलाच नसतो.

याच पुस्तकातली दुसरी केस मला जास्त महत्त्वाची वाटते. एक संशयित सांगतो की मी तासन्‌तास गाडी चालवून आत्ताच इथे पोचलो. पण गप्पा चालू असताना एक अनवाणी बाळ त्याच गाडीच्या बॉनेटवर मजेत उभं असतं. इंजिन इतका वेळ चाललं असतं तर बॉनेट चटका बसण्याइतकं तापलं असतं. पकडला!

आता जरा थांबा. पकडलं नेमकं काय? तो खोटं बोलला, एवढंच. त्याची ‘मी दुसरीकडे होतो’ ही कथा कोसळली. चोरी त्यानेच केली हे थंड बॉनेट सांगत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. एन्सायक्लोपीडियाच्या बऱ्याच केसेस अशा असतात: एक विसंगती सापडते, समोरचा खोटा ठरतो आणि तिथे गोष्ट संपते. मुलांच्या गोष्टीत ते चालतं. थीसिसमध्ये नाही चालत. नल हायपोथिसिस रिजेक्ट झाला, म्हणजे तुमचा आवडता हायपोथिसिस आपोआप सिद्ध झाला असं होत नाही. शक्यता आणखी चार असू शकतात, आणि व्हायवामध्ये परीक्षक त्या चारच विचारतात.

मार्जोरी शार्मॅटचा ‘नेट द ग्रेट’ (१९७२) याहून धाकट्या वाचकांसाठी आहे. नेट पॅनकेकवर जगतो, बाहेर जाताना आईला चिठ्ठी लिहून ठेवतो, आणि बोलतो मात्र जुन्या सिनेमातल्या खासगी गुप्तहेरासारखा कोरडं, तुटक. विनोद सगळा त्या आवाजात. पहिली केस: ॲनीने काढलेलं तिच्या कुत्र्याचं पिवळं चित्र हरवलंय. नेट अंगण खणून बघतो, मैत्रिणीकडे चौकशी करतो, काहीच हाती लागत नाही. शेवटी ॲनीच्या धाकट्या भावाच्या खोलीत तो पोचतो. त्या पठ्ठ्याने सगळं लाल रंगवलंय, फक्त एक राक्षस नारिंगी आहे. पिवळ्यावर लाल, म्हणजे नारिंगी. कुत्रा त्या राक्षसाखाली आहे!

ग्राफवर सगळे बिंदू रेषेवर आणि एकच बाहेर असेल, तर पहिला मोह तो पुसून टाकायचा होतो. नेट बरोबर त्याच बिंदूपाशी थांबतो. आणि त्याआधीचं खणलेलं रिकामं अंगणही पुस्तकात जसंच्या तसं ठेवलेलं आहे. पेपरमध्ये आपण ते छापत नाही, लॅबच्या वहीत तरी ठेवावं.

पण माझा खरा आवडता टिमी फेल्युअर. व्यंगचित्रकार स्टीफन पॅस्टिसची ही मालिका २०१३ साली सुरू झाली. वाचक थोडे मोठे. टिमीचा भागीदार टोटल नावाचा ध्रुवीय अस्वल, म्हणून कंपनीचं नाव ‘टोटल फेल्युअर’. टिमीला स्वतःच्या बुद्धीबद्दल तिळमात्र शंका नाही. एका मुलाची चॉकलेटं चोरीला जातात. टिमी त्याच्या भावाला भेटतो, तर त्याच्या तोंडाला चॉकलेट, आजूबाजूला रिकामी वेष्टनं. टिमी नोंद काय करतो? हा मुलगा अव्यवस्थित आहे. बस. तपास पुढे चालू.

सात वर्षांचं पोर इथे खदखदून हसतं, कारण चित्रात सगळं दिसतंय आणि सांगणाऱ्याला दिसत नाहीये. निरीक्षण अचूक आहे हो, डेटा वहीत उतरलाय! फक्त त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे, कारण टिमीच्या लेखी गुन्हेगार म्हणजे त्याची प्रतिस्पर्धी कोरिना कोरिना. पुरावा तिच्याकडे बोट दाखवत नसेल, तर तो त्याच्यासाठी पुरावाच नाही. कन्फर्मेशन बायसवर लेक्चर घ्यायला सांगितलं तर मी हे एक पान प्रोजेक्टरवर लावेन.

मराठीत याला जोड काय, तर पटकन आठवतो फास्टर फेणे. पण भा. रा. भागवतांचा बन्या हा साहसकथेतला नायक. तिथे धावपळ आधी, तर्क जमेल तसा. सगळे धागे वाचकाच्या हातात देऊन ‘आता तू सोडव’ म्हणणारी विनोदी मराठी मालिका कोणी लिहिली, तर मी पहिली प्रत घेईन.

तोवर एन्सायक्लोपीडिया ब्राउन मिळवा. प्रत्येक केसला उत्तराचं पान उघडण्याआधी दोन ओळी लिहा: या पुराव्याने काय सिद्ध होतं, आणि काय होत नाही. अंडं आणि बॉनेट सोडून द्या, त्यांची उत्तरं मी फोडून ठेवली आहेत.