आजीला दिवसभर कुठे ठेवायचं?

तामलवाडीसारख्या सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या गावातून आजीला रोज डे-केअरला सोडायचं, तर आधी प्रवासाचा विचार करा. दुखऱ्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्याच जड जातात. मग जागा निवडताना विरंगुळा केंद्र आणि डे-केअर यांत गल्लत नको. विरंगुळा केंद्रात पेपर, कॅरम, भजन, गप्पा. वेळेवर गोळ्या देणं, संडासला नेणं हे तिथे बहुधा नसतं. डे-केअर केंद्र बघायला जेवणाच्या वेळी, न कळवता जा. दात नसलेल्यांना भाकरी कुस्करून देतात का, संडासात धरायला दांडी आहे का, ते पाहा (रंगीत माहितीपत्रक नंतर). डिमेन्शिया असेल तर फाटकावर लक्ष कोण ठेवतं, हे नक्की विचारा. ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन: १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.