सूट मशीनवर की अटॅचमेंटवर? पावती फाडण्याआधी पाहा

मक्याची मळणी उरकली, कापसाचे पहिले पैसे हातात आले, की सिल्लोडच्या बाजारात अवजारांच्या दुकानांपुढे गर्दी वाढू लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘सर्व यंत्रांवर भरघोस सूट’ असे फलक लागतात. निंदणी-खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे पॉवर विडर, ब्रश कटर, बॅटरीचा फवारणी पंप, कडबाकुट्टी ही यंत्रे आता दोन-तीन एकरवाल्याच्या ओसरीतही दिसतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण फलकावर ‘यंत्र’ लिहिलेले असते आणि आपण ते ‘दुकानातला सगळा माल’ असे वाचतो. गडबड तिथेच होते.

एका खरिपातला अनुभव सांगतो. अजिंठा डोंगराच्या बाजूच्या एका गावातील शेतकऱ्याला शासकीय योजनेतून पॉवर विडरची पूर्वसंमती मिळाली होती. कपाशीत तण माजले होते, म्हणून घाई. उसनवारी करून गडी बाजारात गेला. दुकानदाराने ब्रश कटर दाखवला, त्याच्या दांड्याला बसणारे विडरचे अटॅचमेंट दाखवले आणि ‘हाच विडर, वर सूटही आहे’ असे सांगितले. पावतीवर ‘विडर सेट’ एवढेच दोन शब्द. मोका तपासणीला गेल्यावर पाहिले, तर मंजुरी एका यंत्राची आणि अंगणात उभे दुसरेच. शेतकरी म्हणाला, “साहेब, मला काय ठाऊक? बोर्डावर विडर लिहिलं व्हतं.” प्रकरण नामंजूर झाले. दुकानदाराने बरीच विनवणी केल्यावर ब्रश कटर परत घेतला, पण अटॅचमेंटचे पैसे दिले नाहीत. ती अजून गोठ्यात पडून आहेत. तणही वाढायचे ते वाढलेच.

दोष एकट्या दुकानदाराला देऊन भागणार नाही. आपल्यालाही मालाची ओळख हवी.

बैल, वखर आणि पास

ही ओळख अवघड नाही. बैल स्वतःच्या ताकदीने चालतो. वखर बैलामागे जुंपावा लागतो. वखराची पास झिजते, ती बदलावी लागते. बाजारातला सगळा माल याच तीन दाव्यांना बांधून पाहावा.

पहिले, यंत्र. ज्याला स्वतःचे इंजिन किंवा मोटर आहे ते यंत्र. पॉवर विडर, ब्रश कटर, बॅटरी पंप, मोटरसह कडबाकुट्टी, ड्रिल मशीन, ग्राइंडर ही सगळी यंत्रे.

दुसरे, जोड म्हणजे अटॅचमेंट. जे दुसऱ्याच्या ताकदीवर चालते ते जोड. ब्रश कटरचे विडर, पॉवर विडरचा सरी पाडायचा रिजर ही त्याची उदाहरणे. रोटाव्हेटर मोठा आणि महाग असला तरी तोही ट्रॅक्टरच्या पीटीओवरच फिरतो. तो अवजार आहे, स्वयंचलित यंत्र नव्हे. योजनेतही ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरचलित अवजार हे वेगवेगळे घटक आहेत.

तिसरे, झिजणारे सुटे भाग. ब्रश कटरचे पाते व नायलॉनची दोरी, रोटाव्हेटरची पाती, पंपाचे नोझल, कुट्टीची पाती, पट्टा, ग्राइंडरची चकती.

बैलावरची सूट पासेला लागत नाही, हे एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. दुकानदाराला आधीच विचारावे, “भाऊ, ही सूट यातल्या कशाकशावर आहे?”

हिशेब करून पाहू

समजा फलकावर १५ टक्के सूट आहे. यंत्र १२,००० रुपयांचे आणि सोबतच्या जोडण्या व पाती ४,००० रुपयांची. एकूण १६,०००. आपण मनात २,४०० रुपये सूट धरतो. पण सूट फक्त यंत्रावर असेल, तर ती १,८०० रुपयेच होते आणि १४,२०० रुपये मोजावे लागतात. शेजारच्या दुकानात फलक नाही, सूट नाही. पण यंत्र ११,००० ला आणि जोडण्या ३,००० ला मिळतात. तिथे १४,००० त काम होते. म्हणून टक्के पाहू नयेत, शेवटी खिशातून किती गेले ते पाहावे.

‘सोबत पाच जोडण्या मोफत’ या जाहिरातीलाही हाच नियम. पाचपैकी आपल्या कपाशीला, मक्याला लागणाऱ्या किती? बहुधा एक किंवा दोन. नको असलेल्या जोडण्यांची किंमत यंत्रात धरलेली असू शकते.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा, तसेच मशागतीच्या व कापणी-मळणीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब १८ वरून ५ टक्क्यांवर आले. ड्रिल, ग्राइंडर अशा हत्यारांवर मात्र १८ टक्केच आहे. कर कमी झाला म्हणून उतरलेली किंमत ही दुकानदाराची सूट नव्हे. पावतीवर मूळ किंमत, सूट आणि कर वेगवेगळे लिहून घेतले की हे आपोआप कळते.

कोणत्या वस्तूत काय पाहावे

ब्रश कटर व विडर : ब्रश कटरचे इंजिन साधारण १ ते २ अश्वशक्तीचे असते. त्याला विडर लावून भुसभुशीत जमिनीतले कोवळे तण निघते. पण आपल्या काळ्या, चिकट रानात आणि मुरलेल्या तणात रोज ओढले तर इंजिन तापते, गिअरवर ताण येतो. ब्रश कटरला विडर लावला म्हणजे तो पॉवर विडर होत नाही. काम मोठे असेल तर जास्त अश्वशक्तीचा स्वतंत्र पॉवर विडरच घ्यावा.

कडबाकुट्टी : सांगितलेला भाव मोटरसह आहे की मोटरविना? मोटर किती अश्वशक्तीची, सिंगल फेज की थ्री फेज? पट्टा, पुली, स्टार्टर भावात आहेत का? हे न विचारता घेतलेली स्वस्त कुट्टी घरी आल्यावर महाग पडते.

फवारणी पंप : बहुतेक पंपांत १२ व्होल्टची बॅटरी असते. ती ८ अँपिअर-तासाची की १२ ची, यावर एका चार्जिंगमध्ये किती टाक्या होतील हे ठरते. पंपाची हमी आणि बॅटरीची हमी बऱ्याचदा वेगळी असते. दोन्ही लिहून घ्याव्यात.

बॅटरीवरची करवत, छाटणी कात्री, ड्रिल : येथे फसगत फार होते. स्वस्त दिसणारे मशीन पुष्कळदा बॅटरी आणि चार्जरशिवाय असते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. बॅटरी दुसऱ्या दिवशी सुटी घ्यायला गेलो तर सूट नसते.

ग्राइंडर : सूट मिळाली म्हणून कोणतीही चकती घेऊ नये. चकतीवर छापलेले कमाल फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवेत. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नये. ते अडकून उसळते आणि जिवावर बेतते.

अनुदानात तर चूक चालतच नाही

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना साधारणतः ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान असते. पण त्याला प्रत्येक यंत्राची कमाल मर्यादा आहे. टक्केवारीने येणारी रक्कम आणि मर्यादा, यांत जे कमी ते मिळते. म्हणून जोडण्या यंत्राच्या किमतीत मिसळून बिल फुगवल्याने अनुदान वाढेल असे कोणी सांगितले, तर ऐकू नये.

महाडीबीटी पोर्टलवर ज्या घटकासाठी अर्ज केला, पूर्वसंमती ज्याची आली, तेच यंत्र घ्यावे. पूर्वसंमतीआधी खरेदी करू नये. यंत्राचा तपासणी अहवाल आहे का आणि त्यातला मॉडेल क्रमांक यंत्रावरच्या पट्टीशी जुळतो का, हे दुकानातच पाहावे. पावतीवर ‘सेट’, ‘संच’ असे मोघम शब्द नकोत. यंत्राचे पूर्ण नाव, मॉडेल, इंजिन किंवा अनुक्रमांक, अश्वशक्ती एका ओळीत आणि जोडण्या व सुटे भाग खालच्या ओळींत, प्रत्येकाची किंमत वेगळी, असे लिहून घ्यावे.

ग्रामपंचायतींनीही गवत कापण्यासाठी यंत्र घेताना दरपत्रके याच पद्धतीने मागवावीत. एकाने पात्यासह आणि दुसऱ्याने पात्याविना भाव दिला, तर तुलना कशी होणार?

एवढे करूनही फसवणूक झाली तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा शेतकरी या कायद्याने ग्राहकच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. मात्र हातात नीट पावती हवी.

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, दोन पावले चालवून पाहतो. यंत्र घेताना मात्र नुसता फलक पाहून पैसे काढतो. पोर्टलवर बिल टाकण्याआधी, शक्य तर खरेदीच्या आधीच, कच्चे बिल गावच्या कृषी कर्मचाऱ्याला दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे. गोठ्यात पडलेल्या त्या अटॅचमेंटसाठी शेतकऱ्याने जे पैसे उसने घेतले होते, ते त्याने पुढे मका विकून फेडले.